हेड गॅस्केट शाबूत होतं

देवादादा,

तू गेल्यावर झालेल्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी माइकवर चार-पाच मिनिटं बोललो. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. तू माझा आतेभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. कुरुदच्या रस्त्यावर तुझं टिनाचं गॅरेज. कष्टाळू होतास, कुणाच्या माघारी कुणाचं वाईट बोलत नव्हतास. समोर बसलेल्यांनी माना हलवल्या. मी माइक पुढच्या माणसाच्या हातात दिला आणि खाली बसलो. जे सांगायला उभा राहिलो होतो, ते सांगितलंच नाही.

ते असं होतं. माझ्या गाडीच्या कामात तुझी चूक झाली, असं चार वर्षं सगळे समजत होते. आपल्या विहारातले लोक समजत होते, तुझी गिऱ्हाइकं समजत होती, आणि तूही समजत होतास. तुझी चूक नव्हती, दादा. माझी होती. आणि ते मला तेव्हापासून माहीत होतं.

ती पांढरी गाडी मी जुनी घेतली, तेव्हा पहिल्यांदा तुझ्याकडेच आणली होती. तू बॉनेट न उघडता तिच्याभोवती एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, "घेऊन झाल्यावर दाखवाले आणली. आता मी चांगलीच म्हणीन ना बे." मग लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावलीस आणि डोळे मिटून ऐकत राहिलास. मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला. आमच्याकडे कंपन मोजायची यंत्रं आहेत. मी ते बोललो, तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालास, "मंग घेऊन ये ना तुझं यंत्र. चहा पाजतो त्याले."

आपलं हे भांडण कधी संपलंच नाही. मी डिप्लोमा केलेला, तू कुठेच न शिकलेला. मी म्हणायचो, बोल्ट किती कसायचा याचा आकडा असतो, तुला टॉर्क रेंच आणून देतो. तू म्हणायचास, "हेडले आकडा लागते, ते मले माहीत आहे. पण रबराच्या पॅकिंगले आकडा समजत नाही मध्या. त्याले बसू द्या लागते." मी हसायचो. माझ्या हसण्यात काय असायचं ते आता कळतं. बाबांच्या ओळखीनं मी प्लांटमध्ये लागलो आणि तू ठेकेदाराकडे दोन वर्षं घालवून बाहेर पडलास. त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. बाबांच्या रिटायरमेंटच्या दिवशी प्लांटच्या गेटवरून घरापर्यंत त्यांना जीपमधून मिरवत आणलं, ती जीप तू कुठून तरी मागून आणून दोन दिवस खपून तयार केली होतीस. सगळे नाचत होते आणि तू स्टेअरिंगवर बसून इंजिनाचा आवाज ऐकत होतास, की मिरवणुकीच्या चालीनं ती गरम तर होत नाही. बाबांच्या गळ्यातला एक हार त्यांनी तुझ्या गळ्यात घातला होता. मला तेव्हा ते फारसं आवडलं नव्हतं. हेही आज सांगून टाकतो.

आता त्या कामाबद्दल.

गाडीत जळक्या तेलाचा वास यायला लागला होता. खाली इंजिनाच्या बाजूला ओल दिसत होती, अगदी हेड आणि ब्लॉक जिथे जुळतात त्या सांध्यावर. त्या दोघांच्या मध्ये जो पातळ पत्रा असतो तेच हेड गॅस्केट, आणि ते गेलं म्हणजे अर्धं इंजिन उघडावं लागतं, एवढं मलाही माहीत होतं. मी येतानाच निदान करून आलो होतो. "हेड गॅस्केट गेलं दादा," मी म्हणालो.

तू रेडिएटरचं झाकण उघडलंस, बोट बुडवून पाहिलंस. ऑइलची पट्टी काढून अंगठ्यावर तेल चोळलंस. मला गाडी चालू करायला लावून मागे सायलेन्सरजवळ जाऊन उभा राहिलास. मग म्हणालास, "पाण्यात तेल नाही, तेलात पाणी नाही, धूर पांढरा नाही. हेड कावून उघडू मी?"

"मग तेल तिथे कुठून आलं?"

"तेच तर पाहून राहिलो."

आणि मग तू तुझी पद्धत सुरू केलीस. रॉकेलनं इंजिनाची ती बाजू धुतलीस, कपड्यानं पुसलीस, सुकू दिलीस. मग घरून आणलेला वहिनींचा पावडरचा डबा काढून ती सगळी बाजू वरपासून खालपर्यंत पांढरी केलीस. वहिनी डबा देताना म्हणाल्या होत्या म्हणे, "इंजिनाले रोज पावडर लावते, अन् मले म्हणते, आज लग्नाले अशीच कावून चालली." मला गाडी घेऊन उतई गावापर्यंत जाऊन यायला सांगितलंस. मी आलो तेव्हा त्या पांढऱ्या पावडरीवर तेलाची एक काळी रेघ उतरली होती. तू बोट खालून वर नेलंस, जिथे रेघ सुरू झाली तिथपर्यंत. हेडच्याही वर, टॅपेट कव्हरच्या काठापर्यंत. म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जे झाकण, त्याच्या रबराच्या पॅकिंगमधून तेल झिरपत होतं, हेडच्या भिंतीवरून ओघळत होतं आणि सांध्याशी येऊन पसरत होतं.

"तेल जिथं दिसते तिथून निघते असं नाही ना मध्या. छप्पर गळते अन् ओल भिंतीच्या बुडाशी दिसते."

तू पॅकिंग बदललंस. सहा बोल्ट हातानं एकेक करून बसवलेस, समोरासमोरचे, थोडे थोडे. आणि शेवटी वहिनींच्या नेलपॉलिशची लाल रेघ प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कव्हरवर ओढलीस. तुझी ती सवय सगळ्यांना माहीत होती. बोल्ट ढिला झाला किंवा कुणी फिरवला, तर रेघ तुटते. मला निघताना बजावलंस, "दोन-चार दिवस वास येईन. सायलेन्सरवर पडलेलं जुनं तेल आहे, ते जळून जाईन. तू हात लावू नको."

मी हात लावला.

तिसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी. वास येत होता आणि मला तो सहन होईना. मी रोज पाइपांचे सांधे, फ्लँज कसतो, दादा. आमच्याकडे गळती म्हणजे कसा. वाफ गळली, कसा. तेल गळलं, कसा. मी माझा पाना आणला आणि सहाही बोल्टांना पाव पाव फेरा दिला. समाधान झालं नाही म्हणून आणखी एकदा दिला. शेवटच्या बोल्टला पाना लावताना खाली काहीतरी दबल्यासारखं वाटलं. मी थांबलो तेव्हा तुझ्या सहाही रेघा तुटलेल्या होत्या. बोल्टवरचा तुकडा एकीकडे, कव्हरवरचा दुसरीकडे. मी घरात जाऊन माझ्या बायकोची नेलपॉलिश शोधली. ती गुलाबी निघाली. मी ती जागेवर ठेवून दिली.

आठवड्याभरात फरशीवर तेलाचे थेंब पडायला लागले. तुझा फोन आला, कुणाकडून तरी तुला कळलं होतं. "घेऊन ये ना बे, पाहून घेतो." मी म्हणालो, शिफ्ट आहे. पुन्हा फोन आला. मी म्हणालो, पाहुणे आहेत. खरं कारण त्या रेघा होत्या. बॉनेट उघडताच तुला कळलं असतं. तू रागावला नसतास, हेही मला माहीत होतं. तू हसला असतास, डिप्लोमावाल्याला चार लोकांत दोन टोमणे मारले असतेस आणि तासाभरात नवीन पॅकिंग बसवून दिलं असतंस. मला ते हसणं नको होतं. एवढंच. चार वर्षांचं मूळ इतकं लहान आहे.

मी गाडी दुर्गच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. काउंटरवरच्या माणसानं वरून नजर टाकली आणि सांगितलं, हेड गॅस्केट. मला इतकं बरं वाटलं, दादा. मी पहिल्या दिवशी जे म्हणालो होतो तेच. त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आपण सगळे बाहेर उभे राहतो तसे उभे होतो. तू त्या दिवशी आला नव्हतास. श्यामराव काकांनी विचारलं, "मधुकर, तुझी गाडी तर देवानंच केली होती. पुन्हा कावून दुरुस्तीले गेली?"

मी म्हणालो, "देवादादाची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही काका. हेड गॅस्केट गेलं होतं, त्याले दिसलंच नाही."

सात-आठ जण होते. श्यामराव काका तर तुझ्याशिवाय दुसऱ्या मिस्त्रीला गाडीला हात लावू न देणारे. ते फक्त "अच्छा" म्हणाले.

दोन दिवसांनी दुर्गला गाडी आणायला गेलो. ज्यानं इंजिन उघडलं होतं तो वयस्कर मिस्त्री मला आत घेऊन गेला. टेबलावर माझं जुनं हेड गॅस्केट ठेवलं होतं. त्यानं ते उजेडात धरून दाखवलं. "साहब, ये तो एकदम सही था. खोलने की जरूरत ही नहीं थी. ऊपर का पैकिंग कटा हुआ है, देखिए. इतना किसने कसा?"

रबर बोल्टांच्या जागी दबून चिरलं होतं. सहाही ठिकाणी.

मी म्हणालो, "भिलाई में एक मिस्त्री है."

"मिस्त्री इतना नहीं कसता," तो म्हणाला आणि पॅकिंग कचऱ्यात टाकलं.

त्या दिवसापासून मला सगळं माहीत होतं. तुझं निदान बरोबर होतं, काम बरोबर होतं, गळती माझ्या पान्यानं केली होती. पुढच्या रविवारी विहारात जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी त्या रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तेव्हा कुणी विषय काढला नाही. मग मला वाटलं, लोक विसरले असतील.

लोक विसरले नव्हते. श्यामराव काकांची गाडी दुर्गला जायला लागली. मग आणखी दोघांची. प्लांटमधला मेंटेनन्सवाला, आणि त्यातून तुझा सख्खा मामेभाऊ म्हणतो, म्हणजे खरंच असणार. तुझ्या शेडपुढे चारचाकी कमी दिसायला लागल्या, स्कूटर जास्त. मी त्या रस्त्यानं जायचं टाळायला लागलो.

पण सगळ्यात वाईट गोष्ट ही नव्हे. सगळ्यात वाईट गोष्ट तुझा प्रश्न होता. दिवाळीच्या सुट्टीत तू घरी आलास, जयभीम घातलास, चहा घेतलास. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मांडी बदलून, शिकायला आलेल्या माणसासारखा मला म्हणालास, "मध्या, एक सांग. त्या गाडीत मले काय दिसलं नाही? हेडची कोणती बाजू ओली होती?"

तुझ्या आवाजात टोमणा नव्हता. तुला खरंच समजून घ्यायचं होतं. माझी बायको समोर बसली होती. मी म्हणालो, "मागची बाजू. केबिनच्या भिंतीकडची. तिथे हातही जात नाही नीट."

"हो ना," तू म्हणालास. "तिकडं मी पावडर मारलीच नव्हती."

पुढच्या वेळी भेटलास तेव्हा तुझ्याकडे काडीला बसवलेला एक लहान आरसा होता. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, पण मोठा. तो तू स्वतः बनवला होतास. येईल त्या इंजिनाच्या मागच्या बाजूला तो घालून, वाकून, मान तिरपी करून तू पाहायचास. मी एका वाक्यात खोटं बोललो आणि तू चार वर्षं प्रत्येक गाडीत ते खोटं शोधत राहिलास.

दादा, मी तेव्हाही बोलू शकलो असतो. तू आरसा हौसेनं दाखवत होतास. "हे तुझ्यामुळं शिकलो बे," म्हणालास. मी म्हणालो, चांगला बनवला आहेस.

तू अचानक गेलास. माझ्या मनात होतं की सांगेन, कधीतरी आपण दोघंच असू तेव्हा सांगेन. असा माणूस मी काही एकटाच नसेन. पण तुझ्याबाबतीत मला सबब नाही. तुझी शेड माझ्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर होती.

कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात तुझे पाने रॉकेलमध्ये धूत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. रेघांपासून आरशापर्यंत. त्यांनी हातातला पाना ठेवला नाही. ऐकत ऐकत पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते दोन वेळा डोळे तपासून आले, तुम्हाले माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"डॉक्टर म्हणे, काही नाही झालं. तरी त्याईचा विश्वास नव्हता. केलेलं काम तीन-तीनदा उघडून पाहत. मी म्हणो, कावून स्वतःवर शक घेऊन राहिले? तर म्हणत, मध्या प्लांटमधला माणूस आहे, तो कावून खोटं बोलन."

मी माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"मले काय सांगता? ते चुकले नाही, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंचवीस वर्षं मी त्या मानसाचे हात पाहिले. ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा. ज्या जागी बोलले, त्या जागी सांगा. अन् लहान करून नका सांगू."

परवाच्या रविवारी वंदना झाली. लोक बाहेर यायला निघाले तेव्हा मी सगळ्यांना थांबायला सांगितलं. माइक घेतला नाही. खोटं बोललो होतो तेही माइकवर नव्हे. ज्या सात-आठ जणांनी ऐकलं होतं त्यांतले पाच हजर होते, वहिनी पायऱ्यांवर उभ्या होत्या. मी सांगितलं की हेड गॅस्केट शाबूत होतं. टॅपेट कव्हर मी कसलं. पॅकिंग माझ्यामुळं कापलं. देवादादाची नजर चांगली होती, मी खोटं बोललो, आणि तुम्हाला खरं सांगायला चार वर्षं लावली, तोवर तो गेला. माझे शब्द याहून नीट नव्हते.

कुणीतरी हळूच म्हणालं, "आता सांगून काय फायदा?" वहिनी त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "फायद्यासाठी नाही सांगून राहिले ते." एकानं माझ्याकडे न पाहता चप्पल घातली आणि निघून गेला. आमची बोलचाल कदाचित आता राहणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, तुझी बाजू घेणारा निदान एक माणूस निघाला.

श्यामराव काका काठी टेकत माझ्याजवळ आले. त्यांचं वय झालं आहे, पण गाडी अजून स्वतःच चालवतात.

"म्हणजे देवा बरोबर होता."

"हो काका."

"चार वर्षं मी उगाच दुर्गले जाऊन राहिलो."

"हो."

बाहेर झाडाखाली लावलेल्या आपल्या गाडीकडे त्यांनी काठीनं दाखवलं. "इच्याखाली महिनाभरापासून तेल पडून राहिलं. ते दुर्गवाले म्हणते, हेड उघडा लागन. मले पटत नाही." आणि माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "आता कोणाले दाखवू रे?"

माझ्याकडे एरवी प्रत्येक यंत्राबद्दल उत्तर असतं, तुला माहीत आहे. मी म्हणालो, काका, मला माहीत नाही.